निनावी सभासद

१

सकाळी सव्वासहाला नवरा, विक्रम, कंपनीतल्या पहिल्या पाळीसाठी बाहेर पडला, की प्रियदर्शिनी चहाचा दुसरा कप घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसे आणि फोन उघडी. 'आपलं बोईसर-तारापूर' या ग्रुपची ती अ‍ॅडमिन होती. एक्केचाळीस हजार सभासद. कराडहून लग्न होऊन ती इथे आली तेव्हा समोरच्या शेजारणीशिवाय तिला कुणी ओळखत नव्हतं. आता भाजी घेताना एखादी अनोळखी बाई तिला हटकून विचारी, "तुम्हीच ना ग्रुपवाल्या जगदाळे मॅडम? माझी पोस्ट का हो उडवली?"

कुठलीही पोस्ट ग्रुपवर दिसण्याआधी तिच्या किंवा हितेशच्या नजरेखालून जाई. हितेश राऊत हा दुसरा अ‍ॅडमिन. मूळचा माकुणसारचा, बोईसर स्टेशनजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की तो पोस्टी बघे, कुकर लावून झाला की ही. पाणी कधी येणार, आज हवेला कसला वास आहे, सालवडला भाड्याने खोली मिळेल का, कुणाची छत्री रिक्षात राहिली, असं सगळं त्यात असे. आणि भांडणं. एक जण कुठूनही सुरू करून मराठी-हिंदीवर घसरायचा. दुसरा, मेहुल, कुठल्याही अपघाताच्या बातमीखाली 'चूक त्याचीच असणार' एवढंच लिहून गंमत बघत बसायचा. प्रियदर्शिनीला त्यांच्या वेळासुद्धा पाठ झाल्या होत्या. पहिल्यांदा खासगीत समज, दुसऱ्यांदा आठवडाभर तोंड बंद, तिसऱ्यांदा बाहेर, असा तिचा नियम होता. ती कधी आवाज चढवत नसे, म्हणून लोक तिला जास्त घाबरत.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. त्या मंगळवारी रांगेत सर्वांत वर एका सुनेची पोस्ट होती. माकुणसारचे तात्या, वय अठ्ठ्याहत्तर, काल दुपारी घरातून गेले ते परतले नाहीत. अंगात पांढरा सदरा, डाव्या कानाला कमी ऐकू येतं. प्रियदर्शिनीने ती ताबडतोब मंजूर केली आणि चहाचा घोट घेतला. फोन खाली ठेवणार तोच तिला पोस्टखाली एक शब्द दिसला.

'हाय.'

लिहिणाऱ्याच्या जागी 'निनावी सभासद' असं होतं. नाव लपवून लिहायची सोय ग्रुपवर होतीच. बायका घरातल्या अडचणी तशा विचारत. पण म्हातारं माणूस हरवलंय आणि हा खाली हाय-हॅलो करतो? तिने तो शब्द काढून टाकला.

काढता काढता तिचं लक्ष वेळेकडे गेलं होतं. पोस्ट मंजूर होऊन एक मिनिट झालं होतं. तो शब्द चार मिनिटांपूर्वीचा होता.

नेट असंच आहे इकडचं, ती मनाशी म्हणाली, आणि कणीक मळायला घेतली.

२

पुढच्या तीन आठवड्यांत तो शब्द आणखी सहा वेळा आला. सालवडची एक बाई कामावरून घरी आली नाही, खाली 'हाय'. पालघरचा एक कॉलेजातला मुलगा परीक्षा देऊन गायब झाला, खाली 'हाय'. पाण्याच्या तक्रारीखाली नाही, भाड्याच्या खोल्यांखाली नाही, भांडणात तर कधीच नाही. फक्त माणूस हरवलं की.

लोक भडकले. 'लाज वाटत नाही का', 'तुझ्या घरचं हरवल्यावर कळेल', 'अ‍ॅडमिन झोपलेत का'. अशा पन्नास ओळी त्या एका शब्दाभोवती साचत. तो मात्र कुणालाच उत्तर देत नसे. प्रियदर्शिनीने इतक्या वर्षांत हे पाहिलं नव्हतं. आग लावणारा माणूस उजेड बघायला थांबतोच. हा थांबत नव्हता.

मुरब्याचा एक जण खाडीवर चिंबोऱ्या धरायला गेला आणि आला नाही, त्या पोस्टखाली वेगळा शब्द आला. 'नाय.'

त्याच्या बहिणीने प्रियदर्शिनीला खासगीत लिहिलं, "ताई, हे कोण लिवतंय? काडा ते." प्रियदर्शिनीने काढलं आणि बाईची माफी मागितली.

निनावी लिहिणाऱ्याचं खरं नाव अ‍ॅडमिनला दिसतं. तिने त्या नावावर बोट ठेवलं. पांढरा पडदा आला आणि तसाच राहिला. तिने त्याला ग्रुपबाहेर काढलं. बाहेर काढलेल्यांच्या यादीत आधी दोनशे बारा जण होते. नंतर मोजले तरी दोनशे बाराच.

"फेक आयडी असेल वहिनी," हितेश म्हणाला. "एक बंद केला की दुसरा काढतात. मेहुल नाय का, चार खाती हायेत त्याची."

"मेहुलची माहीत आहेत मला. हे तसं नाही. हितेश, तुझ्या फोनवर याची घंटी वाजते का रे?"

 कुणी काहीही लिहिलं की दोघांच्या फोनवर टिंग वाजायचं. हा शब्द आला तेव्हा एकदाही वाजलं नव्हतं. पोस्ट उघडली की तो आधीच तिथे असायचा.

३

दर शुक्रवारी मुरब्याहून रत्नाबाई मासळीची पाटी घेऊन येत. जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर, प्रियदर्शिनीच्या दारातच पाट मांडून बसत आणि बोंबील साफ करून देत. त्या शुक्रवारी प्रियदर्शिनी ताट हातात धरून उभी होती आणि फोनकडे बघून पुटपुटत होती.

"काय झाला गो?" रत्नाबाईंनी विचारलं.

"काही नाही हो मावशी. एक माणूस आहे. कुणी हरवलं की त्याच्याखाली हाय लिहितो. चेष्टा करतो लोकांची."

"त्याच्यात चेष्टा कसली?"

"नाहीतर काय. हरवलेल्या माणसाला हाय-हॅलो करतात का?"

रत्नाबाई आधी तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांना हसू आलं. "अगो, हाय म्हंजे हाय. तुमी आहे बोलता, आमी हाय बोलतो. माणूस हाय. जिता हाय. एवडी वरसा रायली इथं, आनि हॅलो समजली?"

प्रियदर्शिनीला स्वतःचंही हसू आलं. रोज कानावर पडणारा शब्द. पण पडद्यावर एकटा, पुढेमागे काही नसताना दिसला, आणि तिने तो भलताच वाचला. ती ताट खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे धीर द्यायला लिहीत असेल बिचारा. आणि मी काढत बसले."

"सगल्यांना हायच लिवतो?"

"एकाला नाय लिहिलं होतं. तुमच्याच गावचा, चिंबोऱ्यांना गेलेला."

रत्नाबाईंचा कोयता थांबला. "चिंतू," त्या म्हणाल्या. "आमच्या आलीतला. तिसऱ्या दिवशी मुडदा गावला, सातपाटीच्या अंगाला." मग थोड्या वेळाने, "कदी लिवला होता त्यानं?"

"पहिल्याच दिवशी. सकाळी."

रत्नाबाईंनी उरलेले बोंबील तसेच तिच्या ताटात टाकले, पाटीवर फडकं बांधलं आणि खालच्या मजल्यावर न थांबता निघून गेल्या.

दुपारभर प्रियदर्शिनी एकेका पोस्टच्या घरी फोन करत बसली. तात्या सफाळ्याला एका जुन्या मित्राकडे सापडले होते, मजेत. सालवडची बाई माहेरी गेली होती. कॉलेजातला मुलगा दोन दिवसांनी स्वतःच परत आला. ज्यांच्याखाली 'हाय' होतं ते सगळे घरी होते. सात जण. 'नाय' एकच.

सातांपैकी एकाही घरी तो शब्द पोचला नव्हता. ज्यांनी वाचला त्यांनी तिच्यासारखाच वाचला होता, नाहीतर वाचण्याआधीच तिने तो काढला होता.

४

"ज्याला आधी कळतं त्याचा हात असतो," हितेश म्हणाला. दुकानाचं शटर अर्धं ओढून तो बोलत होता, मागे कुणाच्या तरी फोनची धून वाजत होती. "सरळ हिशोब हाय. पोलिसांना सांगू या."

"काय सांगणार? एक माणूस दोन अक्षरं लिहितो म्हणून?"

"मग पकडू या."

हितेशने एक सापळा सुचवला. खोटा माणूस हरवायचा. नाव झुंबर, वय पन्नास. चेहरा त्याने कुठल्याशा अ‍ॅपमध्ये बनवला. जगात कुणाचाच नाही असा, तरी बघितल्यावर कुठेतरी पाहिल्यासारखा वाटणारा. पत्ता पटकन सुचेना, तेव्हा प्रियदर्शिनीने स्वतःच्याच इमारतीचा घातला. पोस्ट रांगेत लावायची आणि मंजूर करायचीच नाही, असं ठरलं. दोघांशिवाय ती कुणाला दिसणार नव्हती. खाली काही आलं, तर आतलाच कुणीतरी, म्हणजे दोघांपैकी एकाचा फोन कुणीतरी हॅक केलाय, हे सिद्ध होणार होतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी पोस्ट रांगेत लागली. हितेश फोनवरच होता. इमारतीत शांतता होती. माणसं कामावर, मुलं शाळेत. खालच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

मग जिन्यात पावलं वाजली.

अनवाणी पावलं होती. पहिल्या मजल्यावर ती एका दारापाशी थांबली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बेल नाही, कडी नाही. नुसतं थांबणं, कुणाच्या चेहऱ्याकडे नीट बघायला लागतो तेवढा वेळ. मग पावलं वर चढली.

"वहिनी, काय झालं?" फोनमधून हितेश म्हणाला.

"थांब जरा."

शेजारच्या आणि समोरच्या दारापाशी थांबून ती पावलं तिच्या दारापाशी आली. दाराखालच्या फटीतून येणारा जिन्यातला उजेड मधोमध अडला. प्रियदर्शिनी स्वयंपाकघरात उभी होती तिथेच राहिली. कचरा न्यायला आली असेल, तिने मनात म्हटलं. कचरेवाली सकाळी येते, हेही तिला माहीत होतं. उजेड मोकळा झाला. पावलं तिसऱ्या मजल्यावर गेली, तिथली तीनही दारं झाली, आणि नंतर गच्चीच्या दारापाशी आवाज संपला. खाली उतरताना कुणी ऐकू आलं नाही.

"आलं," हितेश म्हणाला.

झुंबरच्या पोस्टखाली लिहिलं होतं, 'नाय.'

हितेश मोठ्याने हसला. त्याच्या आवाजातली सुटका तिला स्पष्ट ऐकू आली. "बघा, त्याला काय पन म्हाईत नाय. जो मानूस जन्मालाच नाय आला, त्याला मारला ह्यानं. अंदाज लावतो वहिनी, नुसता अंदाज. आता मी दोगांच्या फोनचा पासवर्ड बदलतो, खेळ खलास."

प्रियदर्शिनीला हसू आलं नाही. झुंबर नव्हताच. कुणीतरी नऊ दारं शोधून आलं होतं, आणि जे खरं होतं ते लिहून गेलं होतं. भीती होतीच, पण तिला जास्त वाटली ती शरम. आपण कुणाला तरी उगाच जिने चढायला लावले. तिने पोस्ट पुसून टाकली आणि जिन्यात जाऊन पाहिलं. पायऱ्या कोरड्या होत्या. गच्चीच्या दाराला नेहमीचं कुलूप होतं.

५

पुढच्या बुधवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी खिडकीच्या काचा थरथरल्या. मग आवाज आला, जमिनीतून आल्यासारखा, आणि मांडणीवरचं एक पातेलं घरंगळत खाली पडलं. प्रियदर्शिनीने खिडकीतून पाहिलं. औद्योगिक वसाहतीच्या बाजूला धुराचा काळा खांब उभा राहत होता.

तिने विक्रमला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. पाळी तीनला सुटायची.

फोन हातात वाजायला लागला तो थांबेना. टिंग, टिंग, टिंग. रांगेत वीस पोस्टी, मग साठ, मग एकशे चाळीस. कुठली कंपनी, किती लोक, कुणी सांगेल का. एकाने फोटो टाकला होता, आणि फाटकावरचं नाव स्पष्ट दिसत होतं. विक्रमचीच कंपनी.

हितेशचा फोन आला. "वहिनी, तुमी निघा. मी बघतो ग्रुप."

"वसाहतीचे रस्ते बंद केलेत, आत्ताच कुणीतरी लिहिलंय. जाऊ कुठं? हॉस्पिटलं तरी चार आहेत. तू अ‍ॅम्ब्युलन्स आणि रक्ताच्या पोस्टी घे. अफवा मी काढते."

तिची बोटं चालत राहिली. दुसऱ्याच कुठल्या शहराचा आगीचा व्हिडिओ, काढला. 'विषारी वायू पसरतोय, बोईसर सोडा', काढला, लिहिणारा बाहेर. 'परप्रांतीयांमुळेच', काढला. हात थांबवला की विक्रमचा विचार यायचा, म्हणून ती थांबतच नव्हती.

पावणेदोनला मेहुलच्या एका खात्यावरून यादी आली. त्याने ती पोस्ट म्हणून न टाकता दुसऱ्याच्या पोस्टखाली चिकटवली होती, म्हणून रांगेत अडकली नाही. 'मृतांची नावं, आतल्या माणसाकडून खात्रीलायक.' अकरा नावं. चौथं नाव, विक्रम जगदाळे.

 पातेलं अजून फरशीवर पडलं होतं, त्याच्याकडे ती बघत राहिली. मग तिने यादी पुन्हा वाचली. पुन्हा एकदा. सातवं नाव पाटणकरचं होतं. पाटणकरने जूनमध्येच नोकरी सोडली होती. तो नाशिकला होता, दिवाळीला त्याचा फोनही येऊन गेला होता. अकरा नावं, याच क्रमाने, तिने आधी कुठे वाचली होती? जानेवारीत कंपन्यांच्या क्रिकेट सामन्यांचा फोटो ग्रुपवर आला होता. डावीकडून उजवीकडे उभे खेळाडू. तिनेच मंजूर केला होता.

मेहुलने फोटोखालची नावं उचलून मेलेल्यांची यादी केली होती.

तिने ती काढली. तोवर ती सहाशे ठिकाणी गेली होती. मग तिने ग्रुपच्या अगदी वर स्वतःच्या नावाने लिहिलं, 'फिरणारी यादी खोटी आहे. ती जानेवारीतल्या क्रिकेट संघाची आहे. त्यात माझ्या नवऱ्याचं नाव आहे. त्यातला एक जण नाशिकला सुखरूप आहे. कुणीही विश्वास ठेवू नका.' मेहुलची चारही खाती तिने बंद केली. त्याला समज द्यायच्या भानगडीत ती पडली नाही.

यादी खोटी होती. त्याचा अर्थ विक्रम आहे असा होत नव्हता, हे मात्र तिला कळत होतं.

६

अडीच वाजता तिने स्वतःची पोस्ट लिहायला घेतली. विक्रम जगदाळे, वय अडतीस, उंची मध्यम, अंगात निळा गणवेश. इतकी वर्षं ती लोकांना सांगत आली होती, खूण लिहा, खूण असली की माणूस लवकर सापडतो. तिने लिहिलं, उजव्या पायाचा अंगठा वाकडा आहे, चेंडू लागून मोडला होता.

पोस्ट रांगेत गेली. मंजूर करायला तिचं बोट पुढे होईना. मंजूर केलं काय आणि न केलं काय, त्याला फरक पडत नव्हता, हे तिला ठाऊक होतं. जो शब्द ती महिनाभर पुसत होती, त्याची ती आता वाट बघत होती. आणि दुसरा शब्द आला तर? तोही पुसायचा? पुसून काय होणार होतं?

पोस्टखालची जागा रिकामी होती. तिने ती चार वेळा उघडून पाहिली.

कुणीतरी एका हॉस्पिटलमधून, वर त्याचं नाव लिहून, थेट व्हिडिओ दाखवायला सुरुवात केली होती. असे व्हिडिओ ती लगेच बंद करत असे. जखमी माणसांचे चेहरे दाखवू नयेत, हा तिचाच नियम. तिचं बोट तिथवर गेलं आणि थांबलं. लांब व्हरांडा होता. भिंतीलगत खाटा, काही माणसं नुसत्या गाद्यांवर. नर्सेस धावत होत्या. आरडाओरडा होता. आणि त्या सगळ्या धावपळीत एकच व्यक्ती सावकाश चालत होती.

बाई होती. ठेंगणी. साठीची असेल, नसेलही. चपला हातात होत्या. ती एका खाटेपाशी थांबली, वाकली, पडलेल्या माणसाच्या तोंडाशी तोंड नेलं, इतकं जवळ की श्वास लागावा. मग सरळ झाली आणि पुढच्या खाटेकडे गेली. धावणारी नर्स तिला वळसा घालून गेली, पण तिच्याकडे बघितलं नाही, वाटेतल्या खांबाकडे कुणी बघत नाही तसं.

चौथ्या खाटेवरच्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी होती. चादरीबाहेर त्याचा उजवा पाय आला होता.

बाई वाकली. ओठ हलल्यासारखे वाटले. ती सरळ झाली आणि मान वळवू लागली, व्हिडिओकडे, म्हणजे प्रियदर्शिनीकडे. अर्धा गाल दिसला असेल नसेल, तेवढ्यात कुणीतरी "बंद कर रे मोबाईल" असं ओरडलं, पडद्यावर फरशी आली, आणि काळोख झाला.

प्रियदर्शिनीने आपली पोस्ट उघडली.

'हाय.'

ती फरशीवर खाली बसली, पडलेल्या पातेल्याशेजारी, आणि तोंडावर पदर धरून रडली. मग उठली, पोस्ट पुसली, हितेशला हॉस्पिटलचं नाव कळवलं आणि पायांत मिळतील त्या चपला घालून रिक्षा शोधायला धावली.

७

विक्रमच्या डोळ्यांत काहीतरी उडालं होतं. आठ दिवसांत पट्टी निघेल, असं डॉक्टर म्हणाले. खांद्याला टाके होते. तिचा हात हातात येताच तो म्हणाला, "तूच ना?"

"कुणी आलं होतं का तुझ्याजवळ?" तिने विचारलं.

"नर्स आली होती. गार श्वास होता तिचा. अगदी तोंडाजवळ आली आणि म्हणाली, हाय. मला वाटलं, कुणाला तरी सांगतीय, पेशंट हाय म्हणून. मग ती शेजारच्या बबलूकडं गेली. आमच्याच खात्यातला, सालवडला राहतो. त्याच्यापाशी लई वेळ थांबली. इतका वेळ कुणापाशीच थांबली नव्हती. माझ्या डोळ्यांवर पट्टी, मला दिसत नव्हतं. पण ती काय म्हणणार ते मला ऐकायचं नव्हतं. का, ते विचारू नको. मी कान झाकून घेतले."

प्रियदर्शिनीने शेजारी पाहिलं. पाचवी खाट रिकामी होती. चादर नुकतीच बदललेली.

"त्याला पालघरला हलवला," परिचारिका घाईत म्हणाली. "तब्येत नाजूक होती."

पुढचे तीन दिवस विक्रमचं औषधपाणी करताना प्रियदर्शिनीच्या मनात ती पाचवी खाट राहिली. बबलूची कुणी पोस्ट टाकली नव्हती. त्याची माणसं गोरखपूरकडे कुठल्या गावात होती, त्यांना हा ग्रुपच माहीत नव्हता. तिनेच पोस्ट टाकली असती, तर उत्तर मिळालं असतं. दोनदा तिने त्याचं नाव टाईप केलं आणि दोनदा पुसलं. असं विचारायचं नाही, तिने ठरवलं. जाऊन बघायचं.

चौथ्या दिवशी सकाळी हितेशच्या मोटारसायकलवर मागे बसून ती पालघरला गेली. वॉर्डच्या दारातच तिला कुणाचा तरी चढलेला आवाज ऐकू आला.

"ये दाल है? इसमें तो मुँह दिखता है."

खिडकीजवळच्या खाटेवर, छातीभर पट्ट्या बांधलेला, किडकिडीत, पस्तिशीचा माणूस उशीला टेकून बसला होता आणि वाटी हातात धरून वॉर्डबॉयशी भांडत होता. प्रियदर्शिनी त्याच्या खाटेजवळच्या स्टुलावर जाऊन बसली.

"जगदाळे साहब की मैडम?" बबलूने वाटी खाली ठेवली. "साहब ठीक हैं?"

"ठीक आहेत. तुम ठीक हो ना?"

"आप देख रही हैं."

तिने विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तिच्या तोंडून आलंच. "उस दिन... कोई आया था तुम्हारे पास? एक बाई?"

बबलूने हितेशकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "आई थी. बहुत देर देखती रही. मैडम, मुझे लगा, उसको समझ में नहीं आ रहा है. कभी इधर से देखे, कभी उधर से. मुँह खोले, फिर बंद कर ले. मेरी तो आवाज भी नहीं निकल रही थी. फिर भी मैंने बोला, माई, मैं हूँ. अभी हूँ."

"फिर?"

"फिर क्या. उसने मान लिया. चली गई."

वॉर्डमध्ये कुणीतरी खोकलं. हितेश खिडकीबाहेर बघायला लागला; त्याला यातलं काहीच ऐकायचं नव्हतं, आणि तरी त्याने सगळं ऐकलं होतं. प्रियदर्शिनीने डोळे पुसले आणि विचारलं, "घरी कळवलंस का?"

बबलूने मान हलवली. फोन कारखान्यातच जळाला होता, आणि उगाच आईला घोर कशाला. नंबर मात्र पाठ होता. तिने तो आपल्या फोनवर लावला आणि त्याच्या कानाला धरला. पलीकडून एका म्हातारीचा आवाज आला. कौन, कौन बोल रहा है, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. बबलूचं तोंड रडवेलं झालं. तो नुसता मान हलवत राहिला, जणू आईला ते दिसत होतं.

प्रियदर्शिनीने फोन आपल्या कानाला लावला. तिची हिंदी कराडचीच होती, पण तिला त्याची फिकीर वाटली नाही.

"मांजी, मैं बोईसर से बोलती. आपका बबलू एकदम ठीक है. थोडा लगा है, बाकी कुछ नहीं. खाना खाने बैठा है, और दाल पतली है बोलके सबसे झगडा कर रहा है."

पलीकडे ती म्हातारी हसायला लागली, आणि हसता हसता घरातल्या कुणाला तरी मोठ्याने सांगू लागली.